भालेराव मॅडमची वीस मिनिटं

भालेराव मॅडमनी मला कामावर ठेवलं तेव्हा पगाराआधी अट सांगितली. म्हणाल्या, "शैला, या आतल्या खोलीत बोलायचं नाही. तू तर अजिबातच नाही."

मी जन्माची बडबडी. तळवड्यातच माहेर, तळवड्यातच सासर, आणि दोन्हीकडचे लोक म्हणायचे, हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मला नाही. बरोबरच होतं ते. कारण जन्माला आली होती ती बाई होती.

तळवड्यात एका शेडच्या वरच्या मजल्यावर मॅडमचा गाळा होता. खाली पत्रे दाबायचं मशीन दिवसभर धाडधाड करायचं आणि वर मॅडम माणसांच्या कातडीतलं पाणी मोजायच्या. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कातड्यातलं पानी? ते काय हिरीत हाय व्हय मोजायला?" पण होतं खरं तसं. क्रीम, साबण, हातमोजे बनवणाऱ्या कंपन्या आपला माल मॅडमकडे पाठवायच्या. आजूबाजूच्या बायका-माणसं येऊन हात पुढे करायची. पेनासारखं एक यंत्र होतं, त्याचं टोक कातडीला टेकवलं की आत ओलावा किती ते कळायचं. दुसरी एक बोटभर नळी होती, ती हलक्या हाताने टेकवून धरायची. कातडीतून डोळ्यांना न दिसणारी वाफ सारखी निघून जात असते, ती ही नळी मोजायची. मॅडम समजावून सांगायच्या, "माठ पाझरतो ना, तशी आपण सगळी पाझरतो. चांगली कातडी कमी पाझरते, बिघडलेली जास्त. आपल्याला फक्त ते बघायचंय." एवढं एकच साधं वाक्य त्या सगळ्यांना सांगायच्या, मग समोर कुरुळीची कामगार बाई असो की टाय लावलेला साहेब.

ठेंगण्या होत्या, पन्नाशीच्या पुढे, केस एकदम बारीक कापलेले, चष्मा दोरीला. वडील पिंपरीत एका कारखान्यात लेथवर होते. त्यांनी नोकरीत असताना घेतलेल्या दोन खोल्यांत मॅडम एकट्या राहायच्या. गाळ्यात टेबलामागे बुद्धाची छोटी तसबीर होती, तिच्याखाली खोलीतली हवा किती गरम नि किती दमट ते दाखवणारा काटा. सकाळी आल्या की आधी तसबिरीकडे बघायच्या, मग काट्याकडे. काटा जरा हलला असला तर त्या दिवशी कुणाची खैर नसायची.

आणि ती वीस मिनिटं! आलेल्या माणसाला बाह्या वर करून खुर्चीत बसवायचं आणि वीस मिनिटं काहीही करू द्यायचं नाही. चहा नाही, मोबाईल नाही, हाताने वारा घ्यायचा नाही, गप्पा नाहीत. लोक वैतागायचे. "मॅडम, घ्या की मोजून पटकन, मला रेशनला जायचंय." मॅडमचं उत्तर ठरलेलं, "हात बसू दे. आल्याआल्या मोजला तर रस्ता मोजला जातो, हात नाही." माणूस ऊन खाऊन आलेला असतो, जिना चढलेला असतो, कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडलेला असतो, ते सगळं कातडीवर असतं, असं त्यांचं म्हणणं. ते उतरेपर्यंत हात हा त्या माणसाचा नव्हेच.

माझी अडचण अशी की मला बायका दिसल्या की राहवायचं नाही. नुसतं "काय गं, नवी साडी?" म्हटलं तरी समोरची खुदकन हसायची, आणि मॅडम काचेपलीकडून बोट दाखवायच्या. बाहेर. मग मी जिन्यात उभी. महिन्याभरात मी जिन्यात इतकी उभी राहिले की खालच्या शेडमधल्या पोरांना वाटलं, मला शिक्षा म्हणूनच नोकरी दिलीय.

एकदा दोन जावा आल्या. गुपचूप बसल्या, तोंडातून चकार शब्द नाही. मॅडमनी मोजलं तर दोघींचंही पाणी भलतंच. परत बसवलं, परत मोजलं, तेच. मॅडम माझ्याकडे बघतात, मी म्हणते, "माझ्याकडे काय बघता, मी तर जिन्यात होते." मग त्यांनी त्या दोघींना विचारलं, "घरात काही झालंय का?" मोठी फणकाऱ्याने म्हणाली, "मी काय बोलले का हिला? विचारा!" धाकटी म्हणाली, "बोलायला कशाला लागतं, तुमचे डोळे बघा की." वीस मिनिटं दोघी समोरासमोर बसून नुसत्या डोळ्यांनी भांडत होत्या! मॅडमनी शांतपणे दोघींच्या खुर्च्या पाठमोऱ्या केल्या. पुढच्या वीस मिनिटांनी दोघींचे हात बसले. मॅडमना विनोद कळायचा नाही असं लोक म्हणतात, पण त्या दिवशी चहा पिताना त्या अचानक ठसका लागेपर्यंत हसल्या होत्या.

चहाचंही तसंच. मोजायच्या आधी घोटभर नाही, आणि मोजून झालं की चहा घेतल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचं नाही. आलं घातलेला, चांगला कपभर. बाई घाईत असली तरी उभ्याउभ्या प्यायला लावायच्या. "तिचं घेतलंय आपण काहीतरी," म्हणायच्या.

आमच्या बायकांची एक खोड मॅडमना फार छळायची. आदल्या दिवशी हजारदा सांगायचं, हाताला काही लावून येऊ नका, तेल नाही, क्रीम नाही. हो हो म्हणायच्या, आणि सकाळी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून हजर. का? तर चार लोकांत हात पुढे करायचा, तो भुरकट कसा करायचा! लोक काय म्हणतील, घरात तेलाचं बोट मिळत नाही? मॅडम डोक्याला हात लावायच्या. तेल लावलेला हात म्हणजे तेलच मोजलं जाणार. एकदा आठही जणी अशाच आल्या आणि अख्खा दिवस वाया गेला. त्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, हे तुमच्या भाषेत सांगून व्हायचं नाही, मला सांगू द्या. मी फोन करून एकेकीला सांगितलं, "बायांनो, माहेरी चाललाय असं समजा. आईला नटून दाखवायचं नसतं, आहे तसं यायचं असतं." त्यानंतर एकही बाई तेल लावून आली नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बोलण्याचा उपयोग असतो म्हणजे." मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

कंपन्यांच्या लोकांचं मात्र त्या काही चालू द्यायच्या नाहीत. एका क्रीमवाल्यांचा एक गोरागोमटा साहेब आला होता. त्याला डबीवर 'चोवीस तास ओलावा' छापायचं होतं आणि मॅडमचे आकडे काही तेवढे येत नव्हते. तो गोड गोड बोलून म्हणाला, अजून एकदा मोजून बघू या का. मॅडम म्हणाल्या, "दहादा मोजते. पण चोवीस तास हात रिकामा कुणाचा असतो? सकाळी भांडी, मग कणीक, मग कंपनी, संध्याकाळी परत भांडी. तुमची क्रीम चोवीस तास टिकते ती डबीत." तो साहेब परत आला नाही. असे बरेच परत आले नाहीत. म्हणून तर आमचा गाळा कधी मोठा झाला नाही.

रेखा आली ती अशीच, चाचणीसाठी हात द्यायला. मूळची परभणीकडची, कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होती. तेलकट सुटे भाग पुसायचे, भरायचे, आणि जेवायच्या आधी, सुट्टी व्हायच्या आधी खरखरीत पेस्टने हात घासून धुवायचे. तिच्याबरोबरच्या सगळ्याच जणींचं तसं. मॅडमनी तिचे हात बघितले आणि चाचणीला घेता येणार नाही म्हणून सांगितलं. बोटांना भेगा होत्या, पेरं पांढरी पडलेली, जुन्या भिंतीचा चुना सुटतो तशी.

रेखा उठली नाही. म्हणाली, "चाचणी राहू द्या मॅडम. मला येक सांगा, माझा थंब मशीन का घेत नाही?"

कारखान्याच्या गेटवर हजेरीचं मशीन होतं. अंगठा ठेवायचा, हिरवी बत्ती लागली की हजेरी. रेखाच्या अंगठ्याच्या रेघाच त्या मशीनला सापडायच्या नाहीत. "किती बी दाबा, लाल म्हंजे लाल. मागं लाईन लागते, बाया वरडतात. दिवसभर काम करते आन कागदावर गैरहजर. सुपरवायजर म्हनतो, नाटक करायलीस, उशिरा येती आन मशीनचं नाव घेती. ठेकेदारानं सांगितलंय, आजून असंच चाललं तर दुसरी बाई बघतो." नवरा दोन वर्षांपासून धड कामावर नव्हता, एक मुलगी शाळेत. नोकरी गेली तर परत गावी.

मी पटकन म्हटलं, "त्या पेस्टनेच झालंय, दुसरं काय! द्या मॅडम लिहून." मॅडमनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या रेखाचा अंगठा उजेडात धरून बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आमचे बाबा शाळेच्या कार्यक्रमाला यायचे तेव्हा सगळा वेळ हात खिशात घालून उभे राहायचे." तीन वर्षांत मॅडमनी आपणहून स्वतःच्या घरचं काढलेलं ते एवढं एकच वाक्य मी ऐकलं.

मॅडमनी त्या कारखान्याला पत्र पाठवलं, फोन केले, आणि फुकट मोजून देते म्हणाल्या. फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणतंय! तिथले देसाई साहेब माणूस वाईट नव्हता. हसतमुख, बायकांना ताई म्हणणारा. त्याने जेवणाच्या सुट्टीत कँटीनबाहेर टेबल लावून दिलं. "इथंच मोजून टाका मॅडम, रांगेने येतील." ऐन मे महिना, वर पत्रा, कोपऱ्यात एक पंखा गरम वारा फेकतोय. मॅडम नको नको म्हणत होत्या, पण यंत्र बंद ठेवून परत जायचं तरी कसं? मोजलं. पाच-सहा हात झाले. प्रत्येकीचा ओलावा भरपूर! देसाई साहेब मागून वाकून आकडे बघत होते, त्यांचा चेहरा खुलला. "वा! म्हणजे हात ठणठणीत आहेत की. ओलाव्याची काही कमी नाही."

"साहेब, हा घाम आहे," मॅडम म्हणाल्या.

"घाम म्हणजे पाणीच ना शेवटी?"

"घरात नळ फुटला तर पाणी आलं म्हणून पेढे वाटता का तुम्ही?"

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. मॅडमनी यंत्र बंद केलं, पेटीत ठेवलं. देसाई साहेबांना ते आकडे हवे होते, आणि कुणालाही ते हवेच असते. मॅडम म्हणाल्या, "हे आकडे उन्हाचे आहेत. ते मी तुम्हालाही देणार नाही आणि यांनाही नाही. मला एक थंड, बंद खोली द्या." थंड खोली म्हणजे साहेबांची मीटिंगची खोली, आणि तिथे पाहुणे होते. पाहुणे नेहमीच असतात तिथे.

मग खोली मी शोधली. माझ्या नणंदेच्या दिरांचं कुरुळीला मंगल कार्यालय आहे, आणि त्या अख्ख्या गावठाणात चांगला एसी फक्त तिथल्या नवरीच्या खोलीत. मुहूर्त नसलेला रविवार बघून ती मागितली. दीर म्हणाले, "वहिनी, हळद किती वाजता?" मी म्हटलं, "हळद नाही भाऊजी, नुसते हात आहेत. आणि तुम्ही खाली थांबायचं."

एका भिंतीला बल्ब लावलेला मोठा आरसा, गुलाबी पडदे, मखमली खुर्च्या आणि त्यात बसलेल्या रेखाच्या कामावरच्या पंधराएक बाया, बाह्या वर करून. तेल कुणीही लावलं नव्हतं, माझा निरोप पोचला होता. रेखाने मात्र घोळ घातला. शेजारणीने सांगितलं, मेंदीने भेगा मिटतात, म्हणून बाईने दोन्ही तळहात मेंदीने लाल करून आणलेले! नवरीच्या खोलीत मेंदीचे हात! बाया अशा हसल्या की मॅडमनी गाळ्यातून आणलेला काटा हलला. "अगं, नवरदेव कुठाय?" रेखा रडकुंडीला आली. "मॅडम, माझं आता मोजता यायचं न्हाई का?" मॅडम म्हणाल्या, "मेंदी तळव्याला आहे. मला हाताची मागची बाजू बघायचीय, आणि कोपराखालची आतली, जिला कधी पेस्ट लागत नाही. तुझा हात तुझ्याच हाताशी ताडून बघायचा. बस."

आणि मग वीस मिनिटं.

सुरुवातीला कुजबुज, खुसखुस. मी दाराशी पदर तोंडात कोंबून उभी. हळूहळू सगळं शांत झालं. एसीचा आवाज तेवढा. आणि मी बघत राहिले. या बाया एका जागी काहीही न करता बसलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. हातात सुरी नाही, लाटणं नाही, पोरगं नाही, मशीन नाही. काहींना हात ठेवायचे कुठे तेच कळेना. मग एकीची मान कलली, दुसरीची कलली, आणि बघता बघता निम्म्या बाया त्या मखमली खुर्च्यांत झोपल्या. एक वयस्क बाई आरशात स्वतःकडे बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडम जवळ गेल्या. त्या बाई म्हणाल्या, "काय न्हाई वो. आमी आशा कधी बसतोच न्हाई, म्हनून." मॅडमनी त्यांना सगळ्यांत शेवटी मोजलं. झोपलेल्यांना उठवलं नाही, झोपेतच नळी टेकवली. मला तर वाटलं, देवाने या बाईला बाकी काही नाही तरी हलका हात दिलाय.

आठवड्याने मॅडमनी अहवाल लिहिला. मला वाटलं आता पेस्टवाल्यांचे वाभाडे निघणार. तर त्यात काय होतं? या बायांच्या हाताची मागची बाजू त्यांच्याच आतल्या बाजूपेक्षा खूप जास्त पाझरते, एवढंच. कशामुळे ते एका रविवारच्या मोजणीवरून सांगता येत नाही. पेस्ट बदलून तीन आठवड्यांनी परत मोजू द्यावं. बस्स!

बाया भडकल्या. मॅडम कंपनीला फितूर झाल्या, असं कुरुळीभर झालं. मीही भडकले. तोंडावर म्हटलं, "आंधळ्यालाही दिसतंय आणि तुम्हाला लिहायला काय झालं? त्या बाईची नोकरी चाललीय!"

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला काय वाटतं ते लिहिलं असतं तर देसाई म्हणाले असते, मॅडमना तसं वाटतं. मी मोजलंय तेवढंच लिहिलंय. त्यावर त्यांना तसं म्हणता येत नाही. नाही पटलं तर त्यांनी स्वतः मोजावं." मला तेव्हा ते पटलं नाही. अजूनही अर्धंच पटलंय.

पण रेखाच्या नोकरीचा विचार त्यांना नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. त्या दिवसापासून रोज पहाटे, पहिल्या शिफ्टच्या आधी, मॅडम पिंपरीहून स्कूटरवर त्या गेटपाशी जायच्या. थर्मासमध्ये कोमट पाणी, एक स्वच्छ फडकं. रेखाचा अंगठा पाण्यात धरायचा, फडक्याने हलकेच टिपायचा, ग्लिसरीनचं बोट लावून पुसून घ्यायचा, की मग रेखा गेटमध्ये. आतून तिने हात वर केला म्हणजे हिरवी लागली. लाल लागली की परत बाहेर, परत पाणी. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "मॅडम, तुमचं काय चाललंय हे रोज? अंगठ्याला आंघोळ?" मॅडम म्हणायच्या, "हो." कधी हिरवी लागायची, कधी नाही, पण ठेकेदाराला ती बाई गेटवर वेळेत उभी असते हे तरी दिसायला लागलं. हे मला मॅडमनी सांगितलं नाही, रेखाने सांगितलं.

कंपनीने पेस्ट बदलली. मऊ, बिनवाळूची एक बाटली बेसिनवर आली. मॅडमनी तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी परत नवरीची खोली सांगून ठेवली. मी खूश झाले.

आणि आठवड्याभरात कंपनीने गेटवरचं मशीनच बदललं. अंगठ्याचं काढलं आणि चेहऱ्याचं बसवलं. समोर उभं राहायचं, ते तोंड बघतं, हिरवी लागते. कुणाचाच थंब अडत नाही, कुणाचीच गैरहजेरी लागत नाही. रेखा पेढे घेऊन गाळ्यात आली, नाचायचीच बाकी होती. "मॅडम, पैल्या झटक्यात घेतलं मला! सुपरवायजरचं तोंड बगायला पायजे होतं." मीही हसले, पेढा खाल्ला, देसाई साहेबांना मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

मॅडमनी पेढ्याचा तुकडा तोडला. "आणि बेसिनवर काय आहे?"

"ते होय? ते जुनंच आलं परत. नव्यानं ग्रीस निघायला टाईम लागतो म्हनले. आता काय, थंबचा प्रॉब्लेम मिटला ना."

मॅडमनी तो तुकडा बशीत ठेवला. हाताची अडचण होती तोवर हात बघायला कुणीतरी येत होतं. आता त्या मशीनला हात लागतच नव्हता, मग भेगा पडल्या काय नि नाही पडल्या काय! एवढं सरळ होतं ते, आणि पेढा गिळून झाल्यावर मला कळलं.

तो दुसरा रविवार आला. मॅडमनी यंत्र मांडलं, काटा बघितला, खुर्च्या लावल्या. दहा वाजले, अकरा वाजायला आले. एकही बाई आली नाही. मी फोन केले. एकीची दोन दिवसांची धुणी, एकीचे पाहुणे, एकीने सरळ सांगितलं, "ताई, आता कशाला? आमचं काम झालं की." मला मॅडमकडे बघवेना. त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिल्या होत्या, एसी चालू, आरशाचे बल्ब चालू. मी म्हटलं, "चला मॅडम, आवरू या." त्या म्हणाल्या, "बारापर्यंत सांगितलंय ना आपण."

पावणेबाराला रेखा आली. धापा टाकत, एकटीच.

मॅडम म्हणाल्या, "तुझं तर काम झालं. तू का आलीस?"

"मशीनला माझा हात नको झाला मॅडम, बरं झालं. पन मला पायजे ना." रेखा खुर्चीत बसली, बाह्या वर केल्या. "लेक येनी घालू देत न्हाई. भेगात केस अडकतात, वढले जातात. ती म्हनती, तू नको, शेजारची काकू घालंल."

वीस मिनिटं तिघीही गप्प, मी सुद्धा. मग मॅडमनी मोजलं. आधी ओलावा, मग वाफ, आतली बाजू, मागची बाजू. परत एकदा. आणि सरळ सांगून टाकलं, "वाढलंय. मागच्या वेळेपेक्षा जास्त पाणी जातंय." मला इतका राग आला! जरा तरी गोड बोलावं माणसाने, म्हटलं.

रेखाने विचारलं, "म्हंजे खरंच हाय?"

"काय?"

"बिघडलेलं. सुपरवायजर म्हनायचा, नाटक करायलीस. मालक घरी तेच म्हनायचे. कामावरच्या बायाबी म्हनायल्या, सगळ्यांचेच हात तसे, तुझंच काय येवढं. येवढ्या जनांनी म्हनल्यावर मलाच वाटू लागलं, मीच करायले का काय नाटक."

मॅडमनी चष्मा काढला.

"नाटक नाही, रेखा," त्या म्हणाल्या. "मी मोजलंय."

रेखा रडायला लागली. दुखतं म्हणून रडतात तसं नव्हे ते, कुणीतरी आपलं खरं मानलं की येतं तसलं.

मॅडमनी तिच्या एकटीच्या हाताचा कागद करून दिला. एका हातावरून पेस्टबद्दल काही ठरत नाही, असं त्यात प्रामाणिकपणे लिहिलंही, कारण न लिहितील तर त्या मॅडम कसल्या! पण तो कागद घेऊन रेखा स्वतः देसाई साहेबांपुढे उभी राहिली, रडली नाही, हात दाखवला आणि तेलकट भाग पुसायच्या कामावरून नुसते पुसलेले भरायच्या कामावर बदली मागून घेतली. बाकीच्या बायांच्या बेसिनवर अजून तीच पेस्ट आहे. गाळ्याच्या मालकाने शेड विकली तेव्हा मॅडमनी यंत्रं गुंडाळली आणि त्या नागपूरला भावाकडे गेल्या. मी फोन केला की "बरी आहे, ठेव" म्हणतात. बोलण्याची हौस तिथेही नाही.

मला मॅडम आठवतात त्या त्याच रविवारच्या. रेखा रडत होती आणि रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मॅडमना ठाऊकच नव्हतं. त्या तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. तिचे दोन्ही हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतले आणि अवघडून तसेच धरून ठेवले. यंत्र केव्हाच पेटीत गेलं होतं. खालून दीर ओरडत होते, "वहिनी, बारा वाजून गेले, एसी बंद करू का?" मी जिन्यातून खाली वाकून म्हटलं, "थांबा हो जरा."